प्रकल्प नोंदी: तीन लाख किलोमीटर झालेल्या गाडीचं हेड गॅस्केट

६ जानेवारी

काकांची गाडी आजपासून माझ्याकडे कामाला. १३०० सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल. बिडाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग), वर ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरांचं झाकण), एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), टायमिंग बेल्ट. मीटरवर ३,१२,४०० किलोमीटर. हेड आजवर कधी उतरवलेलं नाही.

लक्षणं सगळी एकाच दिशेची आहेत: हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं, सिलिंडरचा दाब, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पातळ अस्तर, गेलंय. कूलंट रोज थोडं थोडं कमी होतं, पण गाडीखाली थेंब नाही. सकाळी सेल्फ मारला की इंजिन काही क्षण मिस मारतं, मग सावरतं. सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते आणि इंजिन पूर्ण तापलं तरी थांबत नाही. सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप). थंड इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटांत तो टणक होतो. एवढ्या वेळात पाणी कोमटसुद्धा झालेलं नसतं. म्हणजे हा दाब वाफेचा नाही, सिलिंडरमधून येतोय.

ऑइलच्या झाकणाखाली फेसाळ पांढरट थर आहे. तो मी पुरावा म्हणून धरत नाही. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ऑइल नीट तापत नाही, आतला दमटपणा झाकणाखाली साचतो आणि धडधाकट इंजिनातही असाच थर धरतो. डिपस्टिकवरचं ऑइल काळंच आहे, दुधाळ नाही. सध्या तरी बेअरिंगची काळजी कमी.

काकांना फोन केला.

"काका, गाडी कधी तापली होती का?"

"तापली होती रे एकदा, चढावर. काटा पार लालमध्ये गेला. पण थोड्या वेळाने आपोआप खाली आला, म्हणून मी तसाच घरापर्यंत आलो."

"आणि रेडिएटरमध्ये काय घालत होतात?"

"पाणी. कमी झालं की घालायचं."

या गाडीचं सगळं दुखणं त्या आपोआप खाली आलेल्या काट्यात आहे. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणी उकळून पातळी सेन्सरच्या खाली गेली की तो हवेत आणि वाफेत लटकतो, काटा खाली येतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं इंजिन थंड झालं. नेमक्या त्याच वेळी हेडला पाणी मिळत नसतं आणि धातू जास्तीत जास्त तापलेला असतो. काटा लालमधून अचानक खाली आला तर ती सुटका समजू नये. तिथल्या तिथे इंजिन बंद करावं.

७ जानेवारी

उघडण्याआधी मोजमापं. अंदाजाने हेड उतरवणं मला पटत नाही, कारण उतरवल्यावर काही पुरावे कायमचे जातात.

आधी गॅसची तपासणी. रेडिएटरच्या तोंडाशी काचेची नळी, तिच्यात निळं रसायन, वरून रबरी फुगा. कूलंट थोडं उपसून पातळी खाली केली, नाहीतर तेच नळीत ओढलं जातं. इंजिन चालू ठेवून रेडिएटरमधली हवा त्या निळ्या द्रवातून खेचायची. जळालेल्या पेट्रोलमधला कार्बन डायऑक्साइड पाण्यात आला असेल तर निळं पिवळं होतं. हे मिनिटभरात हिरवट झालं आणि पाठोपाठ सरळ पिवळं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याचं माप. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. पहिला १२.१ बार, दुसरा ६.०, तिसरा ५.७, चौथा १२.०. दुसऱ्या आणि तिसऱ्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं. आकडा जवळजवळ हलला नाही. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा वर गेला असता. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले आणि ऑइलने फरक नाही, याचा अर्थ दोघांमधली गॅस्केटची पट्टी जळाली आहे. या इंजिनात दुसरा आणि तिसरा पिस्टन एकाच वेळी वर येतात. एकात कॉम्प्रेशन असतं तेव्हा दुसऱ्याचा एक्झॉस्ट संपत आलेला असतो, त्यामुळे दाब सरळ शेजाऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हमधून निघून जातो.

प्लग समोर मांडून पाहिले. पहिला, दुसरा आणि चौथा फिकट तपकिरी. तिसरा मात्र नुकता डब्यातून काढल्यासारखा पांढरास्वच्छ. सिलिंडरमध्ये पाणी येऊन वाफेने धुतला गेला की प्लग असाच दिसतो.

प्लग न लावता रेडिएटरला हातपंपाने १ बारचा दाब देऊन ठेवलाय. उद्या बघू.

८ जानेवारी

सकाळी दाब ०.६ वर. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा सोडला. तिसऱ्या पिस्टनच्या डोक्यावर हिरवट थेंब, गेल्या महिन्यात मी भरलेल्या कूलंटचे. प्लग काढलेलेच ठेवून सेल्फ मारला तेव्हा तिसऱ्या भोकातून फवारा उडाला. अशा गाडीला सकाळी प्लगसकट सेल्फ मारत राहणं धोक्याचं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये जास्त साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इथून पुढे गाडी सुरू करायची नाही.

१० जानेवारी

काम करायचं की नाही, यावर आज घरात बोलणं झालं. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, ते रेडिएटरमध्ये ओतायचं औषध मिळतं ना? गळती बुजवणारं?"

मिळतं. बहुतेक औषधं सोडियम सिलिकेटची, म्हणजे काचेच्या जातीची असतात. बारीक पाझर असेल तर काही दिवस धरतातही. पण इथे पट्टीच जळालेली आहे. पेट्रोल इंजिनात पूर्ण जोर असताना सिलिंडरमधला दाब ५० बारच्या आसपास जातो आणि ज्योतीचं तापमान २००० अंशांच्या वर. त्यापुढे ते औषध टिकत नाही. हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये मात्र ते छान टिकतं. म्हणून नको.

तीन लाख किलोमीटर झालेल्या इंजिनावर खर्च आणि श्रम का करायचे, हा प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर ७ तारखेच्या आकड्यांत आहे. ज्या सिलिंडरांचं गॅस्केट शाबूत आहे ते दोन्ही १२ बार देतात. ऑइलच्या दाबाचा दिवा सेल्फ मारल्यावर लगेच विझायचा, ऑइल पिण्याची तक्रार नव्हती, खालून ठकठक नव्हती. खालचा अर्धा चांगला आहे. हेच आकडे चारही सिलिंडरांत ८-९ असते तर मी दुसरं इंजिन शोधलं असतं.

ऑइल आजच काढलं. नट अगदी हळू ढिला केला, कारण पाणी असेल तर जड असल्याने तेच आधी बाहेर येतं. आलं नाही. थोडं ऑइल पारदर्शक बाटलीत भरून ठेवलंय, दोन दिवसांनी तळाशी काही बसतं का ते पाहायचं.

१२ जानेवारी

बाटलीच्या तळाशी पाणी नाही. चांगली बातमी. कूलंटमधलं ग्लायकॉल ऑइलमध्ये गेलं की बेअरिंगचं आवरण खातं, आणि मग हेड कितीही चांगलं केलं तरी खालचं इंजिन फार काळ साथ देत नाही.

रेडिएटर आणि ब्लॉक रिकामा केला. रेडिएटरमधून हिरवं आलं. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन नट काढला तर आधी काहीच येईना. तारेने खोदल्यावर विटेच्या रंगाचा चिखल आला आणि मग पाणी. एवढी वर्षं साधं पाणी असल्याचा हा परिणाम. कूलंट म्हणजे फक्त गोठणं टाळायचं रसायन, असा समज आहे. त्यातली गंजरोधक द्रव्यं बिडाला आणि ॲल्युमिनियमला वाचवतात, ती गेल्या महिन्यापर्यंत यात कधी नव्हतीच.

बॅटरीची निगेटिव्ह वायर, हवेचा पाइप, वायरींचे कनेक्टर, पेट्रोलचे पाइप (आधी दाब सोडून), इनटेक मॅनिफोल्ड (हेडला हवा नेणाऱ्या नळ्या). प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टी आणि आकडा, प्रत्येक जागेचे फोटो. बोल्ट पुठ्ठ्यावर जागेप्रमाणे भोकं पाडून खोचले. यात लिहिण्यासारखं एवढंच.

१३ जानेवारी

पूर्ण दिवस एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) गेला.

नटांवर गंजतेल परवापासून मारत होतो. आठपैकी सात नट आले. मागच्या कोपऱ्यातला, आगभिंतीकडचा, थोडा हलला आणि मग हाताला मऊ लागायला लागला. मऊ लागतंय म्हणजे नट फिरत नाही, स्टड (हेडमध्ये रुतलेला बिनडोक्याचा बोल्ट) पिळला जातोय. तिथेच थांबलो. नट मागे-पुढे थोडा थोडा हलवत, तेल सोडत, टॉर्चची ज्योत फक्त नटावर धरून पाहिलं. शेवटी स्टड तुटला, पण हेडच्या बाहेर बोटाच्या पेरभर राहिला. हेड उतरल्यावर त्यावर नट वेल्ड करून काढायचा. वेल्डची उष्णता थेट स्टडमध्ये उतरते आणि गंजाची पकड सुटते. ड्रिल आणि उलट्या आट्यांची खिट्टी हा शेवटचा उपाय, कारण कडक खिट्टी आत मोडली तर ती कापायला साधं ड्रिल चालत नाही.

१४ जानेवारी

टायमिंग. क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅम यांच्या पुलींचे मार्क जुळवून पहिला सिलिंडर टॉपवर आणला आणि पांढऱ्या रंगाने माझ्या खुणाही केल्या. बेल्ट उतरवला. टेन्शनरची पुली फिरवल्यावर कोरडा घर्रर्र आवाज, बदलायची. इथून पुढे हेड ब्लॉकवर असेपर्यंत क्रँक किंवा कॅम एकटा फिरवायचा नाही, पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना लागू शकतात.

हेडचे दहा बोल्ट इंजिन पूर्ण थंड असतानाच, बाहेरून आत, थोडे थोडे ढिले केले. एका बाजूने सरसकट सोडत गेलं तर उरलेले बोल्ट हेडला वाकवतात.

हेड चिकटलेलं होतं. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा पुढच्या गॅस्केटची गळती ठरतो. इनटेकच्या बाजूला ओतीव कामाचा एक कान आहे, त्याला लाकडी दांड्याने टेकू देऊन भावाने हलकेच उचललं. चर्रकन सुटलं. लाकडी ठोकळ्यांवर आडवं ठेवलं. सपाट टेबलावर ठेवलं असतं तर उघडे असलेले व्हॉल्व्ह वाकले असते.

आणि गॅस्केट. दुसऱ्या आणि तिसऱ्यामधली पट्टी, जिथे दोन सिलिंडरांच्या पोलादी कड्या जवळजवळ भिडतात, तिथे सुमारे ४ मिलिमीटर धातूच नाही. कडा वितळून गोल झालेल्या. तिथून एक काळी रेघ शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत गेलेली. कॉम्प्रेशनचा आकडा, पिवळं रसायन, धुतलेला प्लग, सगळ्यांचं उत्तर या एका जागी आहे. ती जागाही योगायोगाची नाही. या हेडमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्याचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह शेजारी शेजारी येतात, त्यामुळे सगळ्यात जास्त उष्णता तिथेच जमते.

१५ जानेवारी

आज मोजणी, आणि माझ्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस.

आधी ब्लॉक. सिलिंडर आणि पाण्याच्या वाटा कापडाने बंद केल्या. जुनं गॅस्केट रसायन लावून मऊ केलं आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढलं. हट्टी ठिगळांसाठी पातं आडवं धरून. ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या चकत्या वापरत नाही. त्यातली अपघर्षक पूड ऑइलच्या वाटांत जाते आणि बेअरिंग खाते, शिवाय चकती मऊ जागी खड्डा पाडते तो डोळ्यांना दिसतही नाही.

स्टीलची अचूक सरळपट्टी आणि फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा). लांबीत, रुंदीत, दोन्ही कर्णांवर. ब्लॉक कुठेही ०.०३ मिमीच्या वर नाही. हेडची गोष्ट वेगळी. लांबीच्या रेषेत, बरोबर मध्यावर, ०.१२ चं पातं सहज सरकलं. या इंजिनाची मर्यादा ०.०५.

हे का होतं, याचा हिशेब साधा आहे. एका अंशाला ॲल्युमिनियम लांबीच्या दहा लाखांत सुमारे २३ भाग वाढतं, बीड सुमारे ११. म्हणजे ४०० मिमी लांबीचं हेड ८० अंश तापलं की मोकळं असतं तर ०.७ मिमी वाढलं असतं, खालचा ब्लॉक त्याच्या निम्मा. रोजच्या तापण्या-थंडावण्यात हा फरक बोल्ट आणि गॅस्केट पोटात घेतात. पाणी संपल्यावर मात्र हेड एकटंच भलतं तापतं, पसरायला जागा नसते, बोल्टांनी दोन्हीकडे धरलेलं असतं, आणि ते मध्यावर वर उचललं जातं. थंड झाल्यावर थोडा बाक राहतो. मध्यावरची पकड सैल झाली, ज्योतीला वाट मिळाली आणि पट्टी जळत गेली.

एवढं मोजल्याशिवाय नुसतं गॅस्केट बदलून बोल्ट आवळले असते तर काही महिन्यांत याच जागी पुन्हा जळालं असतं. "गॅस्केट बदललं पण पुन्हा गेलं" अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा न मोजलेलं हेड किंवा न शोधलेलं कारण असतं.

सिलिंडरही पाहिले. भिंतींवर होनिंगच्या (सिलिंडर बनवताना घासल्याच्या) तिरक्या रेघा अजून दिसतात, वरच्या कडेला नख जेमतेम अडकतं. ३ लाखांनंतर हे उत्तम आहे. रिंगांना हात लावायचा नाही.

१६ जानेवारी

कारण शोधणं. चढावर गाडी का तापली?

वॉटर पंप काढला आणि बराच वेळ हातात धरून पाहत राहिलो. पत्र्याच्या पंख्याची पाती असायला हवीत तिथे गंजून झिजलेले दातेरी तुकडे उरलेत. दोन पाती बुडापासून गेलेली. बेअरिंग ठीक, सील ठीक, गळती नाही, म्हणून बाहेरून कुणाला शंकाही आली नसती. आयडलिंगला आणि सपाट रस्त्यावर एवढं पुरलं असेल. चढावर इंजिनाने जोर लावला तेव्हा पुरलं नाही.

रेडिएटरही तपासला. काम सुरू करण्याआधी गरम असताना लेझरच्या थर्मामीटरने त्याची जाळी मोजून ठेवली होती. खालचा साधारण तिसरा हिस्सा बाकीच्यापेक्षा २५ अंशांनी थंड होता. त्या नळ्या चिखलाने बुजल्यात, गरम पाणी तिथे पोचतच नाही. थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत टांगून उकळला, ८२ ला उघडायला हवा तो ८३ ला उघडला. निर्दोष आहे, तरीही नवीन घालणार. एवढं उघडल्यावर जुना परत बसवणं शहाणपणाचं नाही.

यादी: हेड गॅस्केट, हेड बोल्ट, व्हॉल्व्ह सील, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि त्याचं दाबाचं झाकण, दोन्ही होज, मॅनिफोल्डची गॅस्केटं आणि स्टड.

१८ जानेवारी

हेड मशीन शॉपमध्ये नेलं. मी "फेस मारून द्या" एवढंच म्हणालो तर मिस्त्रींनी हेड उलटं करून आधी कॅम हातांनी फिरवला. कॅम मोकळा फिरला, मग बोलले, "हेडचा फेस सरळ करणं सोपं आहे. कॅमची लाइन वाकली असेल तर फेस मारून काही उपयोग नाही."

मुद्दा अगदी खरा. हेड वाकतं तेव्हा त्यातली कॅमची बेअरिंगंही त्याच बाकात जातात. खालचा पृष्ठभाग कापून सपाट केला तरी वरचा बाक तसाच राहतो आणि कॅम अडकतो, कधी मोडतोही. आपला कॅम दोन बोटांनी, कुठेही जड न होता फिरतो. याहून जास्त वाक असता तर हेड बाद.

क्रम ठरला: धुणं, दाबाची तपासणी, तुटका स्टड, मग फेस.

२४ जानेवारी

हेड परत आलं. गरम पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तपासलं, चीर नाही. दुसऱ्या-तिसऱ्याच्या व्हॉल्व्ह सीटांमधल्या अरुंद पुलावर मला भीती होती, तिथेही नाही. स्टडवर नट वेल्ड करून तो सुखरूप निघाला, आटे शाबूत.

फेस ०.१५ मिमी मारलाय. उंची अजून किमान मर्यादेच्या वर आहे, ती मोजून कागदावर लिहून घेतली. कॉम्प्रेशन रेशोवर फरक किती? सिलिंडरचा व्यास ७४ मिमी धरला तर प्रत्येकी जास्तीत जास्त ०.६५ सीसी जागा कमी झाली, रेशो ९.० वरून जेमतेम ९.१. काळजीचं कारण नाही.

नव्या हेडमुळे जुन्या रिंगांवर ताण येऊन इंजिन ऑइल प्यायला लागतं, असं बरेच जण सांगतात. व्हॉल्व्ह आधी फार गळत असतील तर त्यात तथ्य आहे. सील सुधारलं की रिंगांचा अशक्तपणा उघडा पडतो. पण रिंगा मुळात १२ बार धरत असतील तर उघडं पडायला काही नाही.

व्हॉल्व्ह मी घरी लॅप केले, म्हणजे सीटवर घासून बसवले. बारीक पेस्ट, लाकडी दांड्याची रबरी चकती, दोन्ही तळव्यांत दांडा घोळवायचा, मधून मधून उचलून जागा बदलायची. सुरुवातीला खरखर ऐकू येते, मग आवाज बारीक होत जातो आणि सीटवर सलग राखाडी वर्तुळ उमटतं. पेस्टचा कणही राहू नये म्हणून दोनदा धुतलं. नवे सील बसवले. शेवटी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ठेवलं, एकाही व्हॉल्व्हखाली ओल नाही.

२७ जानेवारी

गॅस्केटची निवड. आजकाल पोलादाच्या अनेक थरांचं गॅस्केट चांगलं समजतात आणि ते आहेही. पण त्याला दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत हवा. हेड मशीनवरून आलंय, ब्लॉक मात्र गाडीतच, हाताने साफ केलेला. म्हणून मूळ इंजिनासारखंच ग्राफाइटचं संमिश्र गॅस्केट घेतलं, ते बारीक खडबडीतपणा सामावून घेतं.

बोल्ट नवेच. हे बोल्ट आवळताना मुद्दाम त्यांच्या लवचीकतेच्या मर्यादेच्या किंचित पुढे ताणले जातात. जुना नव्याशेजारी उभा केला तर जवळपास १ मिमी लांब दिसतो.

ब्लॉकमधली बोल्टची भोकं साफ करायला मी सर्वांत जास्त वेळ दिला. भोकं तळाशी बंद आहेत. आत पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट उतरताना त्या द्रवाला जायला जागा नसते आणि ब्लॉक तडकू शकतो. आटे फक्त पुसायचे, नवे कापायचे नाहीत. कापणारा टॅप धातू काढतो आणि आटे ढिले करतो. नंतर हवेचा झोत, डोळ्यांना चष्मा, भोकावर कापड. झाल्यावर बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत जातो का, प्रत्येक भोकात पाहिलं.

२८ जानेवारी

हेड बसलं.

दोन्ही पृष्ठभाग शेवटचे पुसले. गॅस्केट कोरडं, कोणताही सीलंट नाही, खूण असलेली बाजू वर. गॅस्केटमधली काही पाण्याची भोकं ब्लॉकच्या भोकांपेक्षा लहान आहेत. ती चूक नाही, मागच्या सिलिंडरांपर्यंत पाणी पोचावं म्हणून प्रवाह तसा वाटून दिलेला असतो. मोठी करू नयेत. हेडला ऑइल नेणारं भोक मात्र उघडं आहे ना, हे दोनदा पाहिलं.

भावाने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि हेड सरळ खाली, जागा दाखवणाऱ्या पिनांवर. एकदा टेकलं की सरकवायचं नाही.

बोल्टांच्या आट्यांना आणि डोक्याखाली ऑइलचा पुसट हात. आवळण्याचा क्रम मध्यापासून बाहेर. या इंजिनाच्या पुस्तकात आधी सगळे २० न्यूटन-मीटर, मग सगळे ४०, मग ९० अंश, मग आणखी ९०. दुसऱ्या इंजिनाला हे आकडे लावू नयेत.

अंशांत का आवळायचं? टॉर्क रेंच जो जोर दाखवतो त्यातला बहुतांश घर्षणात जातो; खरी पकड देणारा हिस्सा सुमारे दहावाच असतो. एका बोल्टला तेल थोडं कमी लागलं की आकडा तोच, पण पकड वेगळी. कोन मात्र सरळ बोल्ट किती ताणला गेला ते ठरवतो. प्रत्येक डोक्यावर रंगाचा ठिपका लावून कोन मोजला. पहिले ९० अंश जड होत जातात. दुसऱ्या ९० मध्ये एक जागा येते जिथून पुढे हाताला जड होणं थांबतं आणि दांडा एकसारख्या जोराने सरकत राहतो. तिथे बोल्ट ताणला जातोय. दहाही बोल्टांना तोच स्पर्श मिळाला.

३० जानेवारी

वॉटर पंप, टेन्शनर, बेल्ट. मार्क जुळवून बेल्ट चढवला, ताण दिला आणि मग पान्याने क्रँक हातानेच पूर्ण दोन फेरे फिरवला. कॅमचा एक फेरा झाला, मार्क पुन्हा तंतोतंत समोर आले, कुठेही टक्कर नाही. सेल्फ मारण्याआधी हे करायलाच हवं. टॅपेटची (व्हॉल्व्हच्या टोकाची) फट, इंजिन थंड असताना: इनटेक ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२०.

मॅनिफोल्ड, रेडिएटर, होज, वायरी. माझ्या आकड्यांच्या पट्ट्यांमुळे भावानेच सगळे कनेक्टर लावले.

१ फेब्रुवारी

नवं ऑइल, नवा फिल्टर. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. भरताना गाडीचं तोंड वर, हीटर पूर्ण गरमवर, हवेचा स्क्रू उघडा. त्यातून बुडबुडे थांबून सलग धार आली तेव्हाच बंद केला. हेडमध्ये अडकलेला हवेचा गोळा म्हणजे पुन्हा तेच संकट.

आधी प्लगशिवाय सेल्फ मारून ऑइलचा दाब आणला, दिवा विझला. मग प्लग लावून सुरू केलं. लगेच लागलं आणि चारही सिलिंडर एकसारखे. मॅनिफोल्डवरून गंजतेल जळाल्याचा धूर, सायलेन्सरमधून वाफ. भाऊ घाबरला, त्याला म्हटलं थांब, हे सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं पाणी आहे. पंधरा-वीस मिनिटांत वाफ बंद झाली. वरचा होज या वेळी पाणी तापेल तसा हळूहळू फुगला. फॅन आपणहून लागला, बंद झाला, पुन्हा लागला. हीटर कडक गरम. गॅसच्या तपासणीत निळं रसायन निळंच राहिलं.

४ फेब्रुवारी

रात्रभर थंड झाल्यावर कूलंट थोडं खाली गेलं होतं, उरलेली हवा निघाल्याने. भरलं. नंतर स्थिर.

एक भर घातली. हेडच्या एका बोल्टखाली बसणारा तापमानाचा सेन्सर आणि डॅशबोर्डखाली बझर. हा सेन्सर पाण्याचं नाही, धातूचं तापमान घेतो, त्यामुळे पाणी गेलं तरी खोटं बोलत नाही. हेडच्या मुख्य बोल्टांना हात लावला नाही, बाहेरच्या ब्रॅकेटच्या छोट्या बोल्टखाली बसवला. नेहमीचं वाचन ८८ ते ९३, बझर १०५ ला.

१ मार्च

१,२०० किलोमीटर झाले, त्यात मुद्दाम चढ आणि पूर्ण भार. कूलंटची पातळी खुणेवर. ऑइल फिल्टरसकट पुन्हा बदललं, जुनं स्वच्छ निघालं. कॉम्प्रेशन १२.२, १२.०, ११.९, १२.१. या गॅस्केट-बोल्टच्या जोडीला पुन्हा आवळायला पुस्तकात सांगितलेलं नाही, म्हणून आवळलं नाही.

ब्लॉकच्या कोपऱ्यांतला गंज अजून थोडा सुटतोय, कूलंटला किंचित तांबूस छटा आहे. म्हणून हे कूलंट नेहमीच्या मुदतीची वाट न बघता तीन महिन्यांनी काढणार, ब्लॉक साध्या पाण्याने धुणार आणि मग नवं भरणार. काकांनी चावी नेली. बॉनेटच्या आत कूलंटचा प्रकार, प्रमाण आणि भरल्याची तारीख लिहून चिकटवली आहे, आणि त्याच मिश्रणाची भरलेली बाटली डिकीत ठेवली आहे.

शिल्लक कामं: व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कडेला पुसट ओल, उजव्या बाजूचं इंजिन माउंटिंग.